खिशातला चाकू निवडताना: स्प्रिंगच्या मदतीचा की हाताने उघडायचा?

द्राक्षबागेत काम करणाऱ्या माणसाच्या खिशात घडीचा चाकू असतोच. ठिबकची लॅटरल (पाण्याची बारीक नळी) कापणे, काडी बांधून उरलेली सुतळी तोडणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे अशा कामांसाठी तो दिवसातून कितीतरी वेळा बाहेर निघतो. मिरज तालुक्यातल्या आमच्या बागेत माझ्या वडिलांनी आठवडी बाजारातला लाकडी मुठीचा साधा चाकू वर्षानुवर्षे वापरला, आणि तो हरवेपर्यंत मलाही दुसऱ्याची गरज वाटली नाही. नवा घ्यायला निघालो तेव्हा मात्र मी गोंधळलो, कारण आता एकाच आकाराचे, एकाच किमतीचे दोन चाकू समोर ठेवले जातात. एकाचे पाते सबंध आपल्या बोटाने उघडावे लागते, तर दुसऱ्याला नुसती सुरुवात करून दिली की उरलेले काम आतली स्प्रिंग करते. या दुसऱ्या प्रकाराला बाजारात ‘असिस्टेड’ म्हणतात.

मी आधी असिस्टेड घेतला, वर्षभर वापरला, आणि नंतर हाताने उघडायच्या चाकूकडे परत आलो. जो पहिल्यांदाच असा चाकू घेत आहे, त्याने हाताने उघडायचाच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही काही माणसांना आणि काही कामांना असिस्टेड खरोखर सोयीचा असतो, म्हणून निवड कशी करावी हे मी इथे क्रमाने मांडत आहे.

१. तीन प्रकार आधी वेगळे ओळखा

प्रकार दोनच आहेत असे समजून दुकानात गेलात तर फसाल, कारण तिसरा प्रकारही त्याच काचेखाली मांडलेला असतो.

हाताने उघडायच्या चाकूत पात्यावर नखाची खाच, अंगठ्यासाठी छोटी खुंटी किंवा गोल भोक असते. असे भोक स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने १९८१ मध्ये आणले आणि आज ते पुष्कळ ठिकाणी दिसते. काही चाकूंत पात्याची शेपटी मुठीबाहेर डोकावते, ती बोटाने दाबली की पाते फिरते. तिला फ्लिपर म्हणतात. यांपैकी काहीही असले तरी पाते फिरवणारी ताकद पूर्णपणे आपल्या बोटाची असते. मिटलेले पाते आपोआप सुटू नये म्हणून चांगल्या चाकूत एक बारीक गोळी पात्यावरच्या खळग्यात बसवलेली असते, किंवा मुठीच्या पाठीतली पट्टी पात्याला दाबून धरते.

असिस्टेड चाकूत मुठीच्या आत वाकवलेली बारीक पोलादी काडी किंवा गुंडाळीची स्प्रिंग असते. पाते मिटलेले असताना ही स्प्रिंग त्याला आतच ढकलते. खुंटी किंवा फ्लिपर दाबून तुम्ही पाते थोडेसे, साधारण वीस-तीस अंश, बाहेर काढले की स्प्रिंगचा जोर उलट्या दिशेने लागतो आणि पाते झटक्यात शेवटापर्यंत जाऊन लॉक होते. केन ओनियन या हवाईच्या कारागिराने कर्शा कंपनीसाठी केलेल्या रचनेमुळे हा प्रकार लोकप्रिय झाला.

तिसरा प्रकार बटणाचा. त्यात स्प्रिंग पात्याला कायम बाहेर ढकलत असते आणि फक्त एक खटका त्याला अडवून धरतो. मुठीवरचे बटण दाबले की पाते सुटते, आपल्याला पात्याला हात लावावा लागत नाही.

दुकानात ओळखण्याची खूण सोपी आहे. पाते हळूहळू थोडेसे उघडा आणि बोट काढा. हाताने उघडायचे पाते बहुधा तिथेच थांबेल, असिस्टेडचे पाते परत आत ओढले जाईल आणि आणखी पुढे नेल्यास हातातून सुटून उघडेल. मुठीवर बटण दिसले तर ते फक्त लॉक सोडण्यासाठी आहे की पाते उडवण्यासाठी, हे दुकानदाराला विचारा. पाते उडवणारे असेल तर तो चाकू खाली ठेवा आणि तिसऱ्या मुद्द्यातला कायदा वाचल्याशिवाय पुन्हा उचलू नका.

२. आठवडाभर आपल्याच कामाची नोंद करा

असिस्टेडच्या बाजूने सांगितले जाणारे मुख्य कारण म्हणजे तो एका हाताने लवकर उघडतो. म्हणून खरेदीपूर्वी सात दिवस एक कागद खिशात ठेवून दोनच गोष्टी लिहा: चाकू कशासाठी काढला आणि त्या वेळी दुसरा हात खरोखर अडकलेला होता का. मी ही नोंद चाकू विकत घेतल्यानंतर केली, आधी करायला हवी होती. लॅटरल कापताना ती एका हातात धरलेली असते हे खरे, पण चाकू उघडून मग लॅटरल धरली तरी काहीच बिघडत नाही. मांडवाखाली उभे राहून एका हाताने काडी तारेशी धरली आहे आणि सुतळी तोडायची आहे, असे प्रसंग माझ्या नोंदीत मोजकेच निघाले. त्या प्रसंगीही खुंटीचा साधा चाकू अंगठ्याने उघडता आलाच.

दुसरी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. फ्लिपर आणि सांध्यात बॉल बेअरिंग असलेला चांगला हाताने उघडायचा चाकू असिस्टेडइतकाच चटकन उघडतो. फक्त वेग हवा असेल तर स्प्रिंगची गरज नाही.

ज्यांच्या अंगठ्यात संधिवातामुळे जोर उरलेला नाही, ज्यांना जाड हातमोजे घालून काम करावे लागते किंवा ज्यांचा एक हात अधू आहे, त्यांच्यासाठी मात्र असिस्टेडचा उपयोग खरा आहे. आमच्या शेजारच्या काकांना नखाच्या खाचेचा चाकू उघडणे अशक्य झाले होते. त्यांना मी स्वतः असिस्टेड सुचवला आणि तो त्यांना मानवला.

कलमासाठी चाकू हवा असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवा. डॉगरिज या जातीच्या द्राक्षखुंटावर पाचर कलम करताना काप सपाट आणि एका झटक्यात यावा लागतो, त्यासाठी एकाच बाजूने धार दिलेला कलमाचा वेगळा चाकू मिळतो. तो हाताने उघडायचाच असतो, आणि त्याने सुतळी किंवा पाइप कापू नये.

३. कायदा आणि जागा यांचा विचार खरेदीपूर्वीच करा

या टप्प्याकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात, म्हणून मी इथे जरा थांबतो.

शस्त्र नियम २०१६ च्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे वगळलेली आहेत. खिशातल्या चाकूचे पाते तीन-साडेतीन इंचांचे असते, त्यामुळे हे वाचून माणूस निर्धास्त होतो. तसे होऊ नये, याची कारणे पुढे देतो.

पहिले कारण आपल्या जिल्ह्यातलेच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) नुसार जिल्हा दंडाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी मनाई आदेश काढू शकतात आणि त्या कलमात काठ्या, तलवारी, भाले यांच्याबरोबर चाकूंचाही स्पष्ट उल्लेख आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सण, निवडणुका, आंदोलने यांच्या काळात असे आदेश वरचेवर निघतात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत त्यांची बातमी येते. आदेश लागू असताना गणपतीची मिरवणूक पाहायला जाताना खिशात चाकू ठेवणे, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, ही चूक आहे. बागेतून थेट गावात जाण्याची सवय असणाऱ्यांनी चाकू बागेतल्या खोलीत ठेवूनच निघावे.

दुसरे कारण वनक्षेत्राचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच चाकू येतो, आणि कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. साताऱ्याचे पुष्कळ तरुण वासोट्याला जाण्यासाठी म्हणून चाकू विकत घेतात. बामणोलीहून शिवसागर जलाशय ओलांडून ज्या जंगलात आपण उतरतो ते कोयना अभयारण्य आहे. चांदोलीलाही हेच लागू होते. तिथे सफरचंद कापायला चाकू लागत नाही. घरूनच कापून डब्यात न्यावे.

तिसरे कारण प्रवासाचे. द्राक्षाच्या व्यवहारासाठी दिल्लीला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावे, कारण तिथे १९८० च्या अधिसूचनेनुसार स्प्रिंगने, बटणाने किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या चाकूंवर ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी या मापापासून पुढे बंधन आहे. असिस्टेड चाकू बहुधा याच मापांच्या आसपास किंवा पुढे असतो. विमानात तर कोणताही चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, तो चेक-इन सामानातच द्यावा लागतो.

आता मुख्य सापळा. ऑनलाइन वर्णनांत असिस्टेड चाकूखाली ‘हा स्विचब्लेड नाही, पूर्णपणे कायदेशीर’ असे लिहिलेले आढळते. स्विचब्लेड म्हणजे वर सांगितलेला बटणाचा चाकू, आणि हे वाक्य अमेरिकेच्या कायद्याचे आहे. तिथल्या १९५८ च्या स्विचब्लेड कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन, ज्या चाकूच्या पात्याचा कल मिटण्याकडे आहे आणि जो उघडायला पात्यावर हाताचा जोर लावावा लागतो, तो वगळला गेला. आपल्याकडे नाकाबंदीत उभ्या असलेल्या हवालदाराला हा बारकावा सांगून उपयोग नाही. आपल्या भाषेत स्प्रिंगने उडणाऱ्या प्रत्येक चाकूला ‘खटक्याचा चाकू’ असेच म्हणतात, आणि त्या शब्दाबरोबर येणारा संशय तुमच्या वाट्याला येतो. लाकडी मुठीचा साधा चाकू आणि त्याबरोबर सुतळीचा गुंडा दिसला की काम कोणते ते न सांगता कळते.

४. पाते उघडते कसे यापेक्षा ते थांबते कसे ते पाहा

चाकूने होणाऱ्या जखमांत उघडताना झालेल्या जखमांपेक्षा मला जास्त भीती वाटते ती काम करताना पाते अचानक मिटण्याची. म्हणून लॉक समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सर्वांत साध्या रचनेत लॉक नसतेच, मुठीच्या पाठीतली पट्टी दाबाने पाते धरून ठेवते. व्हिक्टोरिनॉक्सचे लहान लाल चाकू असेच असतात. फळ, दोरा, कागद यांसाठी ते उत्तम आहेत, पण टोकाने भोसकण्याच्या कामाला वापरू नयेत. ओपिनेल या फ्रेंच चाकूत सांध्याभोवती एक कडे असते, ते फिरवले की पाते अडते. ही युक्ती १९५५ पासून वापरात आहे आणि धूळमातीत तिच्यासारखी बिनतक्रार रचना मी पाहिलेली नाही. त्याचा आठ नंबर ८.५ सेंटिमीटर पात्याचा असतो आणि बागेच्या कामाला पुरतो. पाठीवर दाबून सुटणारे बॅक लॉक मजबूत असते, पण मिटायला बहुधा दोन्ही हात लागतात. आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्यामागे बसते ते लायनर लॉक, आणि मुठीचीच एक बाजू तशी सरकते ते फ्रेम लॉक. असिस्टेड चाकूंत बहुतेक वेळा ही शेवटची दोन दिसतात.

असिस्टेडबाबत एक धोका इथेच सांगतो. सल्फरची भुकटी, माती आणि द्राक्षाचा चिकट रस सांध्यात गेला की स्प्रिंग पाते जवळपास शेवटापर्यंत नेते, पण लॉक पूर्ण बसत नाही. डोळ्यांना चाकू उघडलेला दिसतो आणि जोर दिला की मिटतो. हाताने उघडताना शेवटचा ‘टक्’ बोटाला जाणवतो, तो नाही आला तर आपण थांबतो. म्हणून असिस्टेड वापरणाऱ्याने प्रत्येक वेळी उघडल्यावर लॉककडे एकदा नजर टाकावीच.

५. दुकानात चाकू हातात घेऊन तपासा

सांगलीत किंवा साताऱ्यात शेतीची अवजारे विकणाऱ्या दुकानात शक्यतो सकाळी, गर्दी नसताना जा आणि दुकानदाराची परवानगी घेऊन पुढील गोष्टी करा. पाते उघडून टोकाजवळ धरून आडवे हलवा. सांध्यात खेळ जाणवला तर तो चाकू नको. बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दोनतीन वेळा ठोका. लॉक सुटले तर परत द्या. मिटलेला चाकू टोक खाली करून हलका झटका द्या; पाते बाहेर आले तर तो खिशात ठेवण्याजोगा नाही. मिटल्यावर धार मुठीच्या आतल्या धातूला टेकते का तेही पाहा, कारण टेकत असेल तर कितीही धार लावली तरी ती दर वेळी मोडणार.

असिस्टेड असेल तर तो मिटून पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मिटताना बराच भाग स्प्रिंगच्या विरुद्ध ढकलावा लागतो आणि शेवटच्या टप्प्यात तीच स्प्रिंग पाते आत ओढून घेते. ज्याला याची सवय नाही त्याचे बोट नेमके त्या शेवटच्या टप्प्यात सापडते. दहा वेळा उघडून मिटून पाहा, आणि हात ओले करून पुन्हा एकदा पाहा. उघडताना बसणारा हिसका ओल्या हातातून चाकू निसटण्याइतका आहे का ते तेव्हाच कळेल.

६. पोलादाबद्दल जेवढे लागते तेवढेच

साधे कार्बन पोलाद चटकन आणि तीक्ष्ण धार घेते, पण गंजते. स्टेनलेस पोलादाला धार लावायला थोडा जास्त वेळ लागतो आणि निगा कमी लागते. डी-टू नावाचे पोलाद धार फार काळ टिकवते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही हे वर्णनात लिहिलेले नसते.

फवारणीसाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण करणाऱ्यांना पुढची गोष्ट सांगायला नको: चुना पुरेसा पडला की नाही हे पाहण्यासाठी आपण त्यात लोखंडी पाते बुडवतो आणि त्यावर तांबूस रंग चढला तर आणखी चुना घालतो. ही परीक्षा घडीच्या चाकूने घेऊ नये. मोरचुदामुळे कार्बन पोलाद खराब होतेच, शिवाय ते पाणी सांध्यात शिरून आतली स्प्रिंग आणि स्क्रू खाते. त्यासाठी जुनी सळई ठेवावी. फवारणीच्या दिवसांत वापर असेल तर स्टेनलेसच घ्या.

७. ऑनलाइन खरेदीतले सापळे

फोटोत मोठ्या दिसणाऱ्या चाकूच्या पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली नसेल तर घेऊ नका. ‘टॅक्टिकल’ किंवा ‘कमांडो’ असे शब्द, कवटीचे चित्र, काच फोडण्याचे टोक आणि काळा रंग यांनी कामात काडीचाही फरक पडत नाही, पोलिसांच्या नजरेत मात्र पडतो. नामांकित ब्रँडच्या नावाने नकली चाकू मिळतात. किंमत त्या ब्रँडच्या नेहमीच्या किमतीच्या पाव असेल तर तो नकलीच समजावा. परदेशातून मागवलेले पार्सल कस्टममध्ये अडकू शकते, म्हणून भारतातला विक्रेता आणि पक्के बिल हेच बरे.

८. जवळ काय काय असावे

कागदांत पक्के बिल आणि त्यावर ‘शेतीकाम’ किंवा ‘घरगुती वापर’ असा उल्लेख असेल तर चांगले. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बिल दाखवल्याने मनाई आदेशातून सुटका होत नाही, पण चाकू कुठून आणि कशासाठी घेतला हे सांगता येते. साहित्यात मोजपट्टी, सुमारे १००० ग्रिटचा धारेचा दगड, शिवणयंत्राचे तेल, जुना टूथब्रश, सुती फडके आणि टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर टी-६ व टी-८ एवढे पुरते. गावात धार लावून देणारे जुने कारागीर असतील तर पहिली धार त्यांच्याकडून लावून घ्या आणि पाते दगडावर कोणत्या कोनात धरतात ते पाहून शिका. यंत्राच्या चाकावर मात्र हे पाते देऊ नका. बारीक पाते तापते आणि पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरते.

९. पहिला महिना

माझ्या बोटाला टाके पडले ते याच काळात. असिस्टेड चाकू किल्ल्यांबरोबर सैल खिशात होता, लॅटरल जोडायला मी वाकलो तेव्हा फ्लिपरवर किल्ली दाबली गेली आणि पाते खिशातच अर्धवट उघडले. मी न पाहता हात घातला. तेव्हापासून मी कोणालाही सांगतो की असिस्टेड चाकूच्या खिशात दुसरी कोणतीही वस्तू नको. तो क्लिपने खिशाच्या मागच्या शिवणीला लावावा आणि पात्याची पाठ शिवणीकडे ठेवावी, म्हणजे पाते सुटू पाहिले तरी शिवण त्याला अडवते. काही चाकूंत पाते अडकवणारी छोटी कळ असते, ती असल्यास नेहमी लावून ठेवा.

साधा चाकू आठवड्याला ब्रशने झाडून सांध्यात तेलाचा एक थेंब सोडला की झाले. असिस्टेड उघडून साफ करण्याची वेळ येते तेव्हा एक काळजी घ्या: पाते मिटलेले किंवा उघडलेले असो, स्प्रिंग कुठल्या तरी दिशेला दाबलेलीच असते आणि मुठीचा स्क्रू सुटताच ती उडू शकते. चष्मा घालून, परातीवर फडके अंथरून, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत हे काम करावे. स्प्रिंग तुटली तरी बरेच असिस्टेड चाकू हाताने उघडता येतात, पण मग पाते मिटलेले धरून ठेवणारे काहीच उरत नाही. असा चाकू दुरुस्त होईपर्यंत खिशात घालू नये.

शेवटची सूचना बागेत मजूर असणाऱ्यांसाठी. असिस्टेड चाकू पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या माणसाला तो साधाच वाटतो आणि पाते उडाल्यावर तो दचकून सोडून देतो. म्हणून चाकू मिटवून क्रेटवर ठेवा, तो कसा उघडतो आणि विशेषतः कसा मिटतो हे आधी करून दाखवा, आणि मगच समोरच्याला तो उचलू द्या.